मागच्या पडवीतले निऑन

"थांब. ते आत नाही आणायचं."

सासरी दुसऱ्यांदा पाऊल टाकताना सासऱ्यांच्या तोंडून हे ऐकणारी अख्ख्या कऱ्हाडात मी एकटीच असेन. मांडवपरतण करून कोल्हापूरहून परत आले होते. सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या होत्या, त्यांचा हात तसाच वर राहिला. अप्पा, म्हणजे माझे सासरे, माझ्याकडं बघतच नव्हते. ते बघत होते माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या डब्याकडं.

"मासे आहेत," मी म्हणाले.

"दिसतंय की. म्हणूनच म्हणतो. मागनं घे, पडवीत. माझ्या टाकीपासनं लांब."

श्रीरंग, माझा नवरा, रिक्षातनं बॅग काढत होता. एकच बॅग होती आणि ती तो मगापासून काढत होता.

"अहो, तिला तरी आत येऊ द्या," सासूबाई म्हणाल्या.

"तिला कोण नको म्हणतंय? डब्याचं म्हणतोय मी."

डबा काही मी कुणाच्या हातात देणार नव्हते. भाकरतुकडा ओवाळून झाला आणि नवी नवरी बोळातनं, धुणं धुवायच्या दगडाला वळसा घालून, मागच्या दारानं घरात शिरली. शेजारणींना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

त्या डब्यात माझे निऑन होते. निऑन टेट्रा म्हणजे बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर निळी रेघ आणि तिच्याखाली लाल. दिसायला देखणा आणि जगवायला महाकठीण. घरी त्याची पिल्लं काढणं भल्याभल्यांना जमत नाही. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमच्या गच्चीवर वडिलांच्या टाक्या होत्या, आणि तिथं निऑनची पिल्लं काढली होती मी. वडिलांनी नाही, मी. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

माझं लग्न ठरलं आणि वडिलांनी टाक्या मोडल्या. त्यांचे गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि भावाला माशांच्या वासानं मळमळायचं. उरले ते एवढेच, डब्यातले. हे गेले असते तर माझ्या हातचं म्हणून काही राहिलं नसतं. त्यामुळं दागिन्यांची पेटी मी श्रीरंगच्या मांडीवर ठेवली होती आणि डबा माझ्या मांडीवर घेतला होता. सासूबाईंना हे नंतर कळलं तेव्हा त्यांना अजिबात पटलं नाही.

अप्पा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातनं निवृत्त झालेले. पुढच्या खोलीत भिंतभर टाकी, तिच्यात ताटलीएवढे एंजल आणि जुने, सुस्तावलेले गौरामी. लोक मुद्दाम बघायला यायचे. फार पूर्वी कुणा भाच्यानं भेट दिलेला मासा अप्पांनी तसाच आत सोडला होता आणि बघता बघता सगळी टाकी आडवी झाली होती. तेव्हापासून घरात नियम होता. नवा मासा आधी महिनाभर मागच्या पडवीत, एकटा. अप्पा त्याला 'क्वारंटाइन' म्हणत, आणि असं म्हणत की जणू तो शब्द सरकारनं त्यांच्या एकट्याच्या नावावर करून दिलाय. सासूबाई त्याला बाळंतिणीची खोली म्हणत.

मी पडवीत काचेची छोटी टाकी मांडत होते तेव्हा अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"नियम ठाऊक आहेत?"

"सांगा."

"तुझी जाळी, तुझा मग, तुझी नळी, सगळं वेगळं. यातलं काहीही पुढं यायचं नाही. पुढच्या खोलीत येताना कोपरापर्यंत हात जंतू मारणाऱ्या पोटॅशच्या पाण्यात धुवायचे."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "आमच्याकडंही असंच होतं."

ते जरा हिरमुसले. वाद होईल अशी त्यांची तयारी होती.

आणि खरंच, त्या नियमाचा मला राग नव्हता. उलट बरं वाटलं, की चला, घरात एक तरी माणूस असा आहे ज्याला हे कळतं. मी टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलं, कारण हा मासा सावली हलली तरी दचकतो, आणि दचकला की खाणं सोडतो. तळाला वाळू नाही, काही नाही, म्हणजे कचरा लगेच दिसतो. माहेरच्या टाकीतला पाणी गाळायचा स्पंज ओला ठेवून आणला होता, तो हवेच्या नळीला लावला. वर मिणमिणता बल्ब, थंडीपुरता. शाळेच्या कुंपणाजवळची बदामाची वाळकी पानं आणून पाण्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाणी बघितलं. "हे काय गं, चहा टाकलास काय?"

"बदामाच्या पानानं असं होतं, आई. त्यांना हेच मानवतं."

"आणि खायला?"

"आज काही नाही."

"उपाशी?" त्या अशा बोलल्या की जणू मी त्यांच्या माहेरच्या पाहुण्यांना जेवणाविना परत पाठवलंय.

अप्पांचं मात्र मला कौतुक वाटायचं. नळाला औषध कधी सोडतात हे त्यांना झोपेतही ठाऊक. रोज संध्याकाळी माझ्यासाठी एक बादली भरून झाकून ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे, "घे, आता त्यातला क्लोरीन गेला." त्यांनी न सांगता केलेली ही एक गोष्ट मी कधी विसरले नाही.

घोटाळा त्यांच्या हाताचा होता.

सकाळी अप्पा बाह्या वर सारून आपल्या टाकीतली झाडं नीट करायचे. ते झालं की तसेच, हात झटकत, मागं पडवीत यायचे. "बघू, आज काय म्हणतायत?" म्हणायचे, वाकायचे आणि माझ्या टाकीतलं बदामाचं पान बोटानं सरळ करायचे. कधी हातात त्यांची जाळी असायची, तिनं तळाचा कचरा उचलायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी लगेच पुढं झाले.

"अप्पा, असू दे. मी करते."

"तू कर की. मी आपला नुसता बघतोय."

नुसतं बघताना हात मनगटापर्यंत पाण्यात.

वाईट मनानं करत नव्हते ते. माझे निऑन त्यांना आवडले होते. सगळी झुंड एकदम वळली की त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं आणि आपण हसतोय हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. पण त्यांच्या डोक्यात नियम एकाच बाजूनं चालायचा. रोग येणार तो मागनं पुढं. पुढनं मागं कसा येईल? पुढं तर ते स्वतः होते.

मी नवी होते, त्यांची टाकी ठणठणीत दिसत होती, म्हणून गप्प बसले. महिना संपत आला. निऑन असे टवटवीत झाले होते की सासूबाईसुद्धा भाजी निवडायला पडवीत बसायला लागल्या.

मग एका शनिवारी मी पुढची खोली पुसत होते. सगळ्यात मोठा एंजल तिरका झाला, दगडाला अंग घासलं आणि सुसाट वर गेला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी फडकं खाली ठेवलं. खिडकीचा पडदा ओढला, टॉर्च आणला आणि काचेला चिकटवून आडवा धरला. एंजलच्या कुशीवर हळदीची बारीक पूड भुरभुरावी तशी सोनेरी धूळ होती. गौरामीच्या पाठीवरही होती.

हा रोग मी गच्चीवर एकदा बघितला होता. मोठा मासा त्यातनं निभावतो. त्याला मीठ चालतं, औषध चालतं. निऑनला यातलं काही सोसत नाही. रोगानं सोडला तर औषध घेऊन जातं. त्याला वाचवायचा एकच उपाय, रोग पोचूच द्यायचा नाही.

टाकीच्या कोपऱ्यात एक झाड होतं, लांब पानांचं, नवीन.

"आई, हे कधी आलं?"

"खात्यातल्या बाबरभाऊजींनी दिलं गेल्या आठवड्यात. त्यांच्या टाकीतलं."

"मागं नाही ठेवलं आधी?"

"झाडाला कशाला ठेवतील? झाड काय मासा आहे?"

संध्याकाळी अप्पा आले तेव्हा मी सरळ सांगितलं, "अप्पा, एंजल अंग घासतोय. कुशीला काहीतरी आलंय."

"पोट भरलं की घासतात," त्यांनी चपला काढत सांगितलं. "तुझ्या जन्माआधीपासनं मासे पाळतोय मी."

विषय संपला. त्यांच्यापुरता.

स्वयंपाकघरात मी श्रीरंगला गाठलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "उद्याचा दिवस जाऊ दे."

"उद्या काय आहे?"

तो घुटमळला. "तुला सांगायचं नाही असं ठरलंय. अप्पांच्या खात्यातले लोक येणार आहेत पोह्यांना. महिना भरला, म्हणून सगळ्यांसमोर तुझे मासे मोठ्या टाकीत सोडणार आहेत ते. तुझं कौतुक करायचंय त्यांना."

"आणि मी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

"परवा सांग की त्यांना."

"परवा कुणासाठी सांगू?"

"वैजू, अप्पांना आजवर कुणी नको म्हटलेलं नाही. मीसुद्धा नाही."

"ते दिसतंच आहे," मी म्हणाले, आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या रागात लाटलेल्या पोळ्या फार छान फुगल्या.

रविवारी सकाळी मंडळी आली. बाबरभाऊजी सगळ्यात पुढं, मोठ्या पोटाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. पोहे झाले, दुसऱ्यांदा झाले, आणि अप्पा उठले. बाह्या सारल्या, आपल्या टाकीतनं जाळी काढली, झटकली.

"चला मंडळी. आज आमच्या सूनबाईंच्या माशांचा गृहप्रवेश."

मी त्यांच्या आधी पडवीत पोचले. टाकीच्या पुढ्यात उभी राहिले आणि दोन्ही तळवे काचेच्या कडेवर ठेवले. माझ्यामागं सगळे निऑन माझ्या सावलीत एकत्र आले होते, निवांत, आणि त्यांना दुसरं कोण होतं?

अप्पा वाकले. जाळीतनं पाणी ठिबकत होतं.

"अप्पा, हात."

"काय?"

"हात लावू नका. ओला आहे. तुमच्या टाकीतला आहे."

दारात गर्दी करून उभ्या असलेल्या मंडळींपैकी कुणीतरी चावायचं थांबलं. अप्पांना क्षणभर कळलंच नाही की हे आपल्याला म्हटलं गेलंय. मग कळलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"सूनबाई, हा नियम मी केलाय या घरात."

"चांगला केलाय. म्हणून तर महिनाभर पाळला. माझी जाळी तुमच्या टाकीत चालत नाही, मला मान्य आहे. मग तुमची जाळी माझ्या टाकीत कशी चालेल?"

"माझ्या टाकीला काय धाड भरलीय?"

"या. दाखवते."

मी पुढं निघाले आणि सगळी वरात माझ्यामागनं आली. पडदा ओढला, टॉर्च लावला. अप्पा गुडघ्यावर बसले. एंजल समोर आला, वळला, आणि प्रकाशात त्याची कूस चमकली. त्यांना कळत होतं. न कळणाऱ्यातले ते नव्हतेच. मला त्यांची दया आली आणि तरीही मी टॉर्च हलवला नाही.

"हे कुठनं आलं?" शेवटी ते म्हणाले.

"त्या झाडाबरोबर आलं असेल."

बाबरभाऊजी मागनं म्हणाले, "झाड? माझं झाड?" आणि मग आवाज उतरला. "आयला. माझे गौरामी मागल्या पंधरवड्यात सगळे गेले की. मला वाटलं, लाइट जाऊन पंप बंद पडला म्हणून गेले."

अप्पांनी मान वळवली. "बाबर, तुझे मासे मेले आणि तू मला झाड दिलंस?"

"झाड चांगलं होतं की."

अप्पांनी जाळी जमिनीवर ठेवली, उठले, मंडळींना "चहा घ्या" म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. श्रीरंग स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो माझ्याकडं असा बघत होता की जणू त्याला मी आत्ताच भेटलेय.

पुढं बरेच दिवस अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. हा रोग उजेडावर फोफावतो, म्हणून आपल्या टाकीवर त्यांनी चादर घातली, झाड उपटून टाकलं. मग सासूबाईंना माझ्यासमोरच सांगायचे, "तिला विचार, मीठ किती घालू."

मी दोन हातांवरच उभी असायचे. "आई, त्यांना सांगा, आज अर्धं, उद्या अर्धं. एकदम नको."

"अर्धं म्हणतेय," सासूबाई सांगायच्या.

"ऐकू येतं मला."

मोठा एंजल गेला. बाकीचे वाचले. पण त्याच आठवड्यात माझा एक निऑन कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, पंख मिटून, निळी रेघ फिकट पडलेली. मी त्याला लगेच काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वेगळा ठेवला. टाकीचं पाणी रोज थोडं थोडं बदललं, भोवती गोणपाट गुंडाळून अंधार केला. आणखी काही करण्यासारखं नव्हतं. सकाळी बरणीत बघितलं तर तो तळाला पडला होता. मी धुण्याच्या दगडावर बसले आणि रडले. एवढ्याशा जिवासाठी काय रडायचं, असं म्हणायला आलेल्या सासूबाई माझ्याशेजारीच बसल्या.

अप्पा मागच्या दारात आले होते. बरणी त्यांना दिसली.

"माझ्या हातानं गेला का?"

इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलत होते. हो म्हणाले असते तर त्यांना ते जन्मभर पुरलं असतं, आणि नाही म्हणाले असते तर खोटं झालं असतं.

"माहीत नाही, अप्पा," मी म्हणाले. तो कशानं गेला हे मला आजही माहीत नाही.

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. त्यानंतर ते रोज सकाळी पडवीच्या दाराशी येऊन उभे राहायचे, हात मागं बांधून, आणि तिथनंच बघायचे. दुसरा निऑन गेला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला मी गोणपाट काढलं आणि सगळी झुंड उजेडात एकदम वळली. त्याच थंडीत त्यांनी अंडी घातली. आज कऱ्हाडात आणि साताऱ्यातही माझ्या निऑनची पिल्लं आहेत, आणि ती आधी महिनाभर वेगळी ठेवल्याशिवाय मी कुणाला टाकीत सोडू देत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या तिसऱ्या आठवड्यातलं.

दुपारची जेवायची वेळ होती. सासूबाईंनी आमटी उतरवली होती, मी कोथिंबीर निवडत होते. अप्पा स्वयंपाकघरात आले. यात नवल काही नाही, ते रोजच यायचे. जेवणाआधी येऊन पातेल्यावरचं झाकण उचलायचं, पळीनं थोडी आमटी तळहातावर घेऊन चाखायची आणि डब्यातलं चिमूटभर मीठ वरनं टाकायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा परिपाठ. ते आले की सासूबाई न सांगता बाजूला व्हायच्या. मी त्यांना कधी तोंड वाकडं करतानाही बघितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना ते कळतही नसेल.

अप्पांनी झाकण उचललं आणि पळीकडं हात नेला.

सासूबाई बाजूला झाल्या नाहीत. चुलीकडं तोंड करूनच म्हणाल्या, "अहो, हात."

आवाज चढलेला नव्हता. कुणाला रस्त्यात खड्डा दाखवावा तेवढाच होता.

अप्पा एका हातात झाकण धरून उभे. त्यांनी सासूबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कोथिंबिरीतनं मान वर काढली नाही. त्यांनी झाकण ठेवलं, जरा वाकडं बसलं होतं ते सारखं केलं, आणि बाहेर पाटावर जाऊन बसले.

आमटी अळणी झाली होती. शेवटचं मीठ कायम अप्पांचं, म्हणून सासूबाई इतकी वर्षं हात आखडूनच घालत आल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. श्रीरंगनं एक घास घेतला आणि "मीठ" म्हणायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. अप्पांनी भात कालवला, भुरका मारला, सावकाश गिळला. सासूबाई पळी हातात धरून त्यांच्याकडं बघत होत्या.

अप्पांनी वाटी पुढं केली.

"वाढ," ते म्हणाले.